भरपूर पाणी प्या

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं पोट बिघडलं नसतं, तर आमच्या कॉलेजात आरोग्य काही आलं नसतं. कॉलेज घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीच्या अलीकडे. चहूबाजूंनी कापूस, मधोमध पत्र्याच्या दोन लांबलचक इमारती आणि भोवती दगडी भिंत. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी तिथे भूगोल शिकवत असे. राहायला जालन्यात, मस्तगडला, आईवडिलांकडे. सकाळची एसटी पकडून जायचं आणि संध्याकाळच्या एसटीने धुळीसकट परत यायचं. प्राध्यापकांमध्ये बाई म्हणून मी एकटीच. त्यामुळे गॅदरिंगला रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचं आणि 'मुलींचं काही' निघालं की पुढे व्हायचं, ही सगळी खाती माझ्याकडे. रांगोळी आणि ओवाळणं मी मुद्दाम वाईट करत असे, म्हणजे पुन्हा कुणी सांगू नये. मुलींचं मात्र मनापासून करायचे.

अध्यक्ष साठी उलटलेले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, मोठे बागाईतदार. हुकूम सोडायची सवय जन्माची, पण माणूस वाईट नव्हता. पोटाच्या तक्रारीसाठी ते कुठल्याशा निसर्गोपचार केंद्रात जाऊन राहिले. परत आले तेव्हा पोट अर्धं झालेलं, हातात तांब्याचं भांडं आणि तोंडात एक नवा शब्द होता: समग्र. मग काय विचारता! समग्र आहार, समग्र निद्रा, समग्र आरोग्य. कारकुनाने रजा मागितली तरी म्हणायचे, समग्र विचार करून सांगतो.

"आपल्या पोरापोरींनी काय पाप केलं?" त्यांनी बैठकीत विचारलं. "नुसत्या डिग्र्या घेऊन काय करायचं? तब्येत नको का? कॉलेजमधी सगळंच पाह्यजे. डाक्टर बी, वैद्य बी, योगासन बी. एका जागी. समग्र." बैठकीत अध्यक्षांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. तेव्हा ठराव झाला आणि समितीत 'महिला प्रतिनिधी' म्हणून माझं नाव पडलं.

शनिवारी दुपारी केंद्र भरायचं. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली झाडून तिथे टेबलं मांडली होती. एका टेबलावर जालन्याहून फटफटीवर येणारे एमबीबीएस डॉक्टर, शेजारी गावातले वैद्य, पलीकडे होमिओपॅथीवाले, आणि शेवटी आमचे क्रीडाशिक्षक. त्यांनी तोवर आयुष्यात फक्त कबड्डी शिकवली होती, पण अध्यक्षांच्या इच्छेने ते एका पंधरवड्यात योगाचार्य झाले होते. रुग्णाने चारही टेबलांवरून जायचं, असा नियम होता. एकही टेबल वगळायचं नाही, कारण चौघंही अध्यक्षांच्या शब्दाखातर आलेले, कुणाला वाईट वाटायला नको. लग्नघरी गेल्यावर जसं दोन्हीकडच्या व्याह्यांना नमस्कार करून यावं लागतं, तशी पोरं चारही टेबलांना हजेरी लावून यायची.

डॉक्टर सांगायचे, दूध-अंडी खा. वैद्य सांगायचे, दूध चालेल, पण दही, वांगं आणि आंबट बंद. होमिओपॅथीवाले म्हणायचे, कांदा-लसूण बंद, नाहीतर गोळ्यांचा गुण येणार नाही. क्रीडाशिक्षक म्हणायचे, पोटात अन्न असेल तर आसन करू नका. खेड्यांवरून येणाऱ्या पोरांच्या डब्यात भाकरी, ठेचा आणि कांदा. सगळ्यांचं ऐकलं तर हातात कोरडी भाकरी उरायची, आणि तीही आसनं झाल्यावर. एका पोराने मला फार गंभीरपणे विचारलं, "मॅडम, पथ्य बी समग्र करायचं का ज्याचं त्याचं?" मी सांगितलं, आधी डबा खा, मग केंद्रात जा.

मुलींच्या बाबतीत मात्र चारही टेबलांचं एकमत व्हायचं. मुली येऊन सांगायच्या, डोकं दुखतं, गरगरतं. त्यापुढचं आवाज खाली करून, फक्त माझ्या कानात: उन्हाळी लागली आहे. लघवीला जळजळ होते त्याला आमच्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात. मग मी डॉक्टरांच्या टेबलाशी वाकून ते सांगायचे. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे आणि म्हणायचे, भरपूर पाणी प्या. वैद्य धन्या-जिऱ्याचं पाणी बाटलीत भरून द्यायचे आणि म्हणायचे, हे प्या, वर साधंही भरपूर प्या. होमिओपॅथीवाल्यांच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवरही पाणीच. क्रीडाशिक्षक जिभेची पन्हाळी करून शीतली प्राणायाम करून दाखवायचे, मुली हसू दाबायच्या, आणि जीभ आत घेतल्या घेतल्या ते म्हणायचे, पाणी भरपूर प्या बरं का. मुली "हो सर" म्हणून बाहेर यायच्या आणि धन्या-जिऱ्याचं पाणी दाराजवळच्या जास्वंदीला ओतायच्या. त्या वर्षी जास्वंद अशी काही फुलली की अध्यक्षांनी तो केंद्रातल्या सात्त्विक वातावरणाचा परिणाम मानला.

पाणी प्यायचं नाही, याचं कारण साधं होतं. प्यायलं तर जायचं कुठे? कॉलेजात मुलींसाठी मुतारी नव्हती. नकाशात होती, मी स्वतः पाहिली होती. प्रत्यक्षात त्या जागेवर सायकल स्टँड उभा राहिला होता. पुरुषांसाठी ग्रंथालयामागे एक आडोसा होता, पण तिथपर्यंत जायचे कष्टही फारसं कुणी घेत नसे, कारण कंपाउंडची अख्खी भिंत मोकळी होती. प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरांपर्यंत सगळे तिच्याकडे तोंड करून उभे राहत. भूगोलाची बाई म्हणून सांगते, त्या भिंतीवर प्राध्यापकांची, शिपायांची आणि विद्यार्थ्यांची हद्द अगदी ठरलेली होती, आणि कुणी कुणाच्या हद्दीत शिरत नसे. आम्हा बायकांना भिंतही नव्हती आणि शेतही नव्हतं. कापूस जेमतेम कमरेएवढा आणि त्यात बारा महिने कुणी ना कुणी निंदायला नाहीतर वेचायला. सकाळी घरून निघताना जायचं ते संध्याकाळी घरी पोचल्यावर. मी तर निघताना चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचे.

मी हे प्राचार्यांना जाऊन सांगितलं. प्राचार्य इतिहासाचे, सज्जन आणि घाबरट. मी सरळ सांगायला लागताच त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. लाइट गेलेली होती, पंखा बंद होता, तरी ते पाहतच राहिले.

"विषय बराबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण बैठकीत मांडायचा कसा? इतिवृत्तात काय लिहायचं?"

"मुतारी लिहायचं."

त्यांना ठसका लागला. "अध्यक्षांसमोर? वडीलधारं माणूस आहे हो." मग माझी समजूत काढायला म्हणाले, "हे बघा, अध्यक्ष ध्यानकक्ष बांधणार आहेत. पाया खणून झाला, विटा पण येऊन पडल्या. मुलींनी तिथे जाऊन शांत बसावं."

"सर, मुली तशाही दिवसभर शांतच बसलेल्या असतात," मी म्हणाले. त्यांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी समोरची फाइल उघडली, म्हणजे मी आता जावं.

मी हा नाद सोडूनही दिला असता. पण मग माझ्या वर्गातली एक मुलगी तासाला धाडकन खाली पडली.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती ती. उंच, काटक, जिभेने तिखट. वडिलांनी मेंढरं राखण्यात अर्धं आयुष्य काढलेलं, मग कळप विकून थोडी जमीन घेतलेली. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. नकाशा वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता. फळ्यावर मी नदी काढून बोट ठेवेपर्यंत ही मागून ओरडायची, मॅडम, ती दुधना, थोडी वरून येती. अशी पोरगी हिंदी महासागराचे प्रवाह लिहून घेता घेता बाकावरून घसरली. अंगात ताप, ओठ सुकलेले. तिला शुद्धीवर आणायला तोंडावर पाणी मारलं, तर म्हणाली, पेयाला देऊ नका.

चार दिवसांनी ती परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन होता. "नानानं दिला," ती म्हणाली. नाना म्हणजे तिचे वडील. "ते म्हनून राह्यले, कॉलेजचं पानी बाधलं तुला, म्हनून उन्हाळी लागती. आता घरच्या हिरीचंच पेयाचं."

मला हसावं की रडावं कळेना. कॉलेजच्या पाण्याचा थेंब जिच्या पोटात कधी गेला नव्हता, तिला ते पाणी बाधलं होतं! रोज सकाळी वडील तो कॅन मायेने भरून द्यायचे आणि रोज ही तो एसटीतून उतरल्यावर रस्त्याच्या कडेला रिकामा करायची.

"अगं, मग खरं काय ते सांग ना त्यांना," मी म्हणाले.

"बापाला? ते? मेले तरी सांगनार न्हाई. आन् तुमी बी सांगू नका, मॅडम. माझी शप्पत हाय तुमाला." मग खाली पाहत म्हणाली, "दिवाळीपर्यंत वाट पाह्यतो म्हनले. बरी झाले तर झाले, न्हाई तर टीसी काढनार. परवा एक स्थळ बी आल्तं."

मला भयंकर राग आला. तिच्या वडिलांचा नाही, ते बिचारे त्यांच्या परीने इलाजच करत होते. राग आला तो त्या चार टेबलांचा, त्या विटांचा, माझ्या अर्ध्या कप चहाचा. एवढी हुशार पोरगी, आणि तिचं शिक्षण अडलं होतं कशावर, तर कुणी तोंडाने उच्चारायला तयार नसलेल्या एका शब्दावर.

तेवढ्यात अध्यक्षांनी शिबिराची घोषणा केली. श्रावणातल्या एका रविवारी, कॉलेजच्या आवारात, दिवसभराचं निसर्गोपचार शिबिर. संचालक मंडळ, सगळे प्राध्यापक, पंचक्रोशीतली प्रतिष्ठित माणसं, सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं. मुख्य कार्यक्रम जलप्रयोगाचा, म्हणजे दर तासाला तांब्याभर पाणी. मध्ये मोड आलेले मूग, शेवटी अध्यक्षांचं भाषण. सुट्टी असल्याने मुलं येणार नव्हती. मुलींना मात्र प्राणायामाच्या प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं, आणि त्यांना घेऊन येणं माझ्याकडे. मी मुलींना ते सांगत होते, तर ही पोरगी माझ्याकडे टक लावून पाहायला लागली.

"मॅडम," ती म्हणाली, "मान्सांना भिंत हाय म्हनून त्यांना कळंना. एक दिवस भिंत आपन घेतली तर?"

मी तिच्याकडे पाहिलं. बाकीच्या मुली आधी हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण मी हसले नव्हते. मी खडू घेतला आणि फळ्यावर आवाराचा नकाशा काढला. इतका नीटस नकाशा मी आयुष्यात काढला नसेल.

पुढचे काही दिवस माझ्याइतकी आज्ञाधारक महिला प्रतिनिधी कुठल्या समितीला लाभली नसेल. मी अध्यक्षांकडे गेले आणि पदर सावरून म्हणाले, "साहेब, मोठी माणसं येणार. ग्रंथालयामागच्या आडोशाला चुना मारून घेतला तर?" ते म्हणाले, मारा की. मी चुनेवाल्याला शिबिराच्याच सकाळी बोलावलं, म्हणजे रंग ताजा दिसेल. मग विचारलं, "मुलींनी प्राणायाम झाडांखाली केला तर? निसर्गोपचारच आहे म्हणून म्हटलं." आवारातली सगळी लिंबं आणि बाभळी भिंतीच्या कडेने होत्या, हे त्यांच्या काही लक्षात आलं नाही. "एकदम बराबर," ते म्हणाले. शेवटी मी म्हणाले, "मुली चुळबुळ फार करतात, साहेब. आमचं ऐकत नाहीत. आपणच जरा बजावलंत तर." अध्यक्षांनी शिबिराच्या सकाळी मुलींना उभं करून दरडावून सांगितलं, "एकदा डोळे मिटले की मॅडमनं टाळी वाजवल्याबिगर बिलकुल उठायचं न्हाई. कोनी बी आलं तरी ध्यान मोडायचं न्हाई." मुलींनी एका सुरात "हो साहेब" म्हटलं. त्या आवाजातला आनंद त्यांना भक्तीचा वाटला.

पहिला तांब्या हसतखेळत गेला. वैद्यांनी पाण्याचे गुण सांगितले, डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं कार्य समजावलं, अध्यक्षांनी स्वतः फिरून कुणाच्या तांब्यात उरलं नाही ना ते पाहिलं. दुसऱ्या तांब्याला गप्पा जरा कमी झाल्या. त्यानंतरच्याला संचालकांमधले एक जाडजूड गृहस्थ जागच्या जागी पाय बदलू लागले. माझा तांब्या मी प्रत्येक वेळी जास्वंदीला दिला. मला कुठे जायची सोय नव्हती, आणि आज ती बाकीच्यांनाही नव्हती.

आधी वैद्य उठले. "जरा वनस्पती पाहून येतो," असं म्हणत ते भिंतीकडे निघाले. पहिल्या लिंबाखाली एक मुलगी पद्मासनात, डोळे मिटून. दुसऱ्याखाली दुसरी. दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत तिसरी. वैद्यांनी हात वर करून लिंबाचं एक पान तोडलं, ते चावलं आणि तसंच कडू तोंड करून परत आले. डॉक्टर ग्रंथालयामागे गेले, तिथे चुनेवाला शिडीवर होता आणि खाली ओला चुना ओघळत होता. प्राचार्य हात मागे बांधून, शतपावली करतोय असं दाखवत, अख्ख्या आवाराला एक प्रदक्षिणा घालून आले आणि खुर्चीत फार जपून बसले. गेटबाहेर जावं तर समोर एसटीचा थांबा आणि पलीकडच्या कापसात निंदणाऱ्या बाया. अध्यक्षांची जीप मूग आणायला तीर्थपुरीला गेलेली. डॉक्टरांनी फटफटीची किल्ली काढली तेव्हा अध्यक्ष मंचावरून म्हणाले, "डाक्टर, बसा. आपला नियम काय ठरलाय?" डॉक्टर बसले. क्रीडाशिक्षकांना काही सुचेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना उभं करून पायावर पाय घट्ट दाबून धरायचं एक आसन करायला लावलं. ते आसन कुठल्या ग्रंथात आहे ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी ते सगळ्यांनी अगदी मन लावून केलं.

मग मूग आले. ते गिळून सगळे गप्प बसले आणि अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. पाणी म्हणजे अमृत, पाण्याने शरीर शुद्ध होतं, पाणी शरीरातून वाहतं राहिलं पाहिजे, इथवर ते आले आणि थांबले. एक हात टेबलावर ठेवला. मग "आलोच," म्हणून मंचावरून उतरले. झपझप भिंतीकडे गेले, तिथून आवाराच्या कोपऱ्यातल्या विहिरीकडे, तिथून ग्रंथालयाकडे. विहिरीच्या कडेला तीच उंच पोरगी बसली होती. तिचा एक डोळा किलकिला झालेला मला इतक्या लांबून दिसला. अध्यक्ष वळले आणि थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कपाळावर घाम होता.

"मॅडम, पोरी कव्हा उठत्यात?"

"साहेब, ध्यान मोडायचं नाही असं आपणच बजावलंय."

"अवो, मंग मान्सानं जायाचं कुठं?"

याच प्रश्नासाठी मी आठवडाभर टोमणे पाठ केले होते. एकाहून एक धारदार होते. आणि आता समोर हा म्हातारा माणूस घामाघूम उभा, तर मला एकही आठवेना. माझी नोकरी त्यांच्या एका सहीवर होती.

"साहेब," मी म्हणाले, "आपल्या मुली कुठे जातात?"

त्यांनी वळून पाहिलं. लिंबाखालच्या मुली, बाभळीखालच्या मुली. "कुठं जात्यात?"

"कुठेच नाही. सकाळी येतात ते संध्याकाळी घरी जाईपर्यंत. मी पण."

"रोज?"

"रोज."

"आन् पाणी?"

"पीत नाहीत, साहेब."

त्यांची नजर 'समग्र आरोग्य केंद्र' लिहिलेल्या पाटीवर गेली आणि तिथून खाली आली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "उठवा त्यांना. जल्दी."

मी टाळी वाजवली. मुली शिस्तीत उठल्या, एका रांगेत इमारतीमागे गेल्या आणि तिथे त्यांच्या हसण्याचा जो स्फोट झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. भिंतीकडे पुढे काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी पाठ फिरवून उभी होते. धावणाऱ्या चपलांचा आवाज मात्र खूप वेळ येत होता.

परत आल्यावर अध्यक्षांनी भाषण पुरं केलं नाही. ते ध्यानकक्षाच्या पायाजवळ गेले, विटांच्या ढिगावर हात ठेवला आणि सगळ्यांना तिकडे बोलावलं. "ध्यान काय, झाडाखाली बी होतं," ते म्हणाले. "पोरींनी आज दाखवलंच की. इथं पोरींसाठी..." इथे ते अडले. पुन्हा म्हणाले, "पोरींसाठी..." आणि मग एखादं ओझं खाली टाकावं तसं मोठ्याने म्हणाले, "मुताऱ्या बांधा!"

प्राचार्य हळूच म्हणाले, "पण इतिवृत्तात..."

"तेच लिहा."

बांधकाम मात्र सरकारी वेगाने चाललं. पाऊस लागला, मग वाळू संपली, मग मिस्त्री गावाकडे पोळ्याला गेला तो महिनाभर आलाच नाही. तोवर आमचं मागचंच पुढे चालू. त्या पोरीचा चेहरा दिवसेंदिवस ओढत चालला होता. मी रोज त्या भिंती किती वर आल्या ते पाहायचे आणि दिवाळी किती जवळ आली ते पाहायचे. मिस्त्रीला मी इतकं छळलं की मला पाहिलं की तो थापी उचलायचा.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी उद्घाटन ठरलं. पाटीवर 'आरोग्य सदन' लिहिलं होतं, तेवढी सूट मी दिली. फीत लावली होती, ताटात कात्री होती, मी नारळ धरून उभी होते. संचालक, प्राचार्य, केंद्रातले चौघंजण, सगळे हजर. आणि त्याच वेळी गेटातून तिचे वडील आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पोरगी मागे, रडून डोळे सुजलेले.

"रामराम," ते म्हणाले. "पोरीची टीसी न्यायला आल्तो."

ऑफिसमधून टीसी आली, प्राचार्यांनी तिथेच सही करून ती हातात तयार ठेवली. चौघांनी मात्र वडिलांना घेरलं. डॉक्टर म्हणाले, औषध बदलून देतो. वैद्य म्हणाले, थंडी पडली की माझ्या काढ्याचा गुण दिसेल. होमिओपॅथीवाले म्हणाले, कांदा सुटला नसेल तिचा. क्रीडाशिक्षकांनी जीभ बाहेर काढायच्या आधी मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ती आतच राहिली.

वडिलांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा कोनाचा दोष न्हाई, साहेब," ते म्हणाले. "तुमी पुष्कळ केलं. तिला हितलं पानीच बाधलंय, त्याला कोन काय करनार?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण तिची शपथ होती. अध्यक्षांनी खाकरून घेतलं. शिबिरात एवढ्या मोठ्याने बोललेला माणूस, पण पोरीच्या बापासमोर त्यांचीही जीभ वळेना. फीत वाऱ्याने फडफडत होती. मग मागून तिचा आवाज आला.

"नाना, पानी बाधलं न्हाई मला. मी पानी पेलेच न्हाई. तुमी दिलेलं बी न्हाई, हितलं बी न्हाई."

वडील वळले. "का गं?"

"जायाला जागा नव्हती."

एवढ्या माणसांत ती हे बोलली, मान वर ठेवून. प्राचार्य जमिनीकडे पाहत होते.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या नव्या इमारतीकडे. काठी तिच्या हातात दिली. फीत अजून कापायची होती. ते फितीखालून वाकून आत गेले आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग उघडल्याचा. मग पुन्हा लावल्याचा. आम्ही सगळे बाहेर, मी नारळ धरून.

बाहेर आले तेव्हा ते आमच्याकडे पाहत नव्हते, पोरीकडे पाहत होते.

"तुझ्या मायला बी असंच जळतं," ते म्हणाले. "बारमाही. पहाटं जाती, ते मंग अंधार पडल्यावर. शेतात दिवसभर पानी दिलं तर नगं म्हनती. मी आपला म्हनायचो, हिच्या अंगातच गर्मी हाय."

माझ्या हातात नारळ, डोळे पुसायचीही सोय नाही. प्राचार्यांनी तो कागद घडी घालून पुढे केला, तसाच मागे घेतला, पुन्हा अर्धा पुढे केला. "मग... ही टीसी?"

"टीसी ऱ्हाऊ द्या, साहेब," वडील म्हणाले. "मिस्त्री कोन्या गावचा हाय, तेवढं सांगा."